ऑनलाइन सर्वेक्षणातलं लॉजिक: कोणाला काय विचारायचं आणि कोणाला नाही?

निळी_शाई (धागाकर्ता)

आम्ही काही जण मिळून एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतो. आता नाव नोंदवलेल्या सगळ्यांना एक प्रश्नावली पाठवायची आहे. लोक तीन तऱ्हेचे आहेत: अभ्यासक्रम पूर्ण केलेले, मध्येच सोडलेले, आणि नाव नोंदवून पुन्हा न फिरकलेले. मसुदा चाळीस प्रश्नांवर गेलाय, पण सगळे चाळीस कोणालाच लागू नाहीत. ज्याने पहिला धडाही उघडला नाही त्याला शेवटची परीक्षा अवघड गेली का, हे विचारण्यात काय हशील?

स्किप लॉजिक, ब्रांचिंग, डिस्प्ले लॉजिक हे शब्द ऐकून आहे (उत्तर पाहून कोणाला पुढचं काय दाखवायचं ते ठरवायच्या सोयी). माझे प्रश्न असे:

१. एकच फॉर्म करून आत फाटे फोडावेत, की सरळ तीन फॉर्म करावेत?
२. गूगल फॉर्म्सवर हे निभेल का?
३. "हो" म्हणणाऱ्याला लगेच त्याचे उपप्रश्न दाखवावेत, की आधी सगळे हो-नाही विचारून घ्यावेत?

जाणकारांनी सविस्तर लिहावं, घाई नाही. फॉर्म अजून कोणालाही पाठवलेला नाही.

---

तिरपा_डोळा

तीन फॉर्म. विषय संपला.

कोणी पूर्ण केलं, कोणी सोडलं, हे तुमच्या नोंदींत आहेच ना? मग ते पुन्हा विचारायचं कशाला? तीन याद्या, तीन दुवे. लॉजिक नाही म्हणजे लॉजिकच्या चुकाही नाहीत. लोकांना फाटे फोडायची हौस फार असते, कारण साधनात तसं बटण दिसतं.

---

कोरा_रकाना

तिरपा_डोळा यांचा पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. जे आपल्याला माहीत आहे ते विचारू नये. पण त्यावरून तीन फॉर्म हा निष्कर्ष मला पटत नाही. त्या चाळीसपैकी वय, वेळ, उपकरण, अभ्यासक्रम कुठून कळला असे काही प्रश्न तिघांनाही समान असणार. ते तीन ठिकाणी लिहिले की एका जागी कोणीतरी पर्यायाचा शब्द बदलतो, आणि तक्ते जोडताना "मोबाइल" आणि "मोबाईल फोन" हे दोन वेगळे गट होऊन बसतात. शिवाय नोंदी आणि वस्तुस्थिती यांत फरक असतो. नोंदीत "अपूर्ण" असलेला माणूस सगळे धडे पाहूनही फक्त परीक्षा न दिलेला असू शकतो. तुमच्या दृष्टीने त्याने सोडलं, त्याच्या दृष्टीने संपवलं.

मी करतो ते असं. साधन उघडायच्या आधी एक तक्ता करायचा. प्रत्येक प्रश्नासमोर एकच गोष्ट लिहायची: हा प्रश्न कोणासाठी आहे? "प्रश्न ९ नंतर १४ वर जा" असं लिहायचं नाही. "प्रश्न १०: ज्यांनी किमान एक धडा पाहिला ते" असं लिहायचं. सर्वेक्षणवाले याला बेस म्हणतात.

वरवर दोन्ही एकच वाटतं, पण उडी ही रस्त्याची सूचना आहे आणि बेस ही प्रश्नाची व्याख्या. उद्या मध्ये दोन प्रश्न घातले, क्रम बदलला, तर उड्यांचे आकडे सगळीकडे बदलावे लागतात. बेस आपल्या प्रश्नाबरोबर हलतो. लाइमसर्व्हे, कोबो, ओडीके या सर्वेक्षणाच्या साधनांची रचनाच या विचाराची आहे: प्रत्येक प्रश्नावर त्याची अट असते, ती खरी ठरली तर प्रश्न दिसतो. एक्सएलएसफॉर्मच्या (कोबो-ओडीकेसाठी फॉर्म एक्सेलमध्ये लिहायची पद्धत) तक्त्यात त्यासाठी "रेलेव्हंट" नावाचा वेगळा स्तंभच आहे. गूगल फॉर्म्स मात्र उडीवर चालतं.

हा तक्ता करताना बहुतेक वेळा असं दिसतं की काही प्रश्नांसमोर "कोणासाठी" हे लिहिताच येत नाही. ते प्रश्न काढून टाका. चाळीसचे तीस तिथेच होतील, लॉजिक न वापरता.

---

तिरपा_डोळा

शेवटच्या परिच्छेदासाठी माझं मत अर्धं बदललं. अर्धंच.

---

वळणवाट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. गूगल फॉर्म्सवर निभेल, पण काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

तिथे फाटा प्रश्नाला फुटत नाही, विभागाला फुटतो. म्हणजे सेक्शन करावे लागतात, आणि उत्तरानुसार पुढच्या विभागाकडे पाठवता येतं. ही सोय एकच उत्तर निवडायच्या प्रश्नाला आणि ड्रॉपडाउनला आहे. अनेक उत्तरं निवडायच्या चौकटींना, म्हणजे चेकबॉक्सना, ती नाही. "तुम्ही यांपैकी काय काय वापरलंत?" विचारून प्रत्येकावर वेगळे उपप्रश्न काढायचे असतील तर ते इथे जमणार नाही. ते लाइमसर्व्हे किंवा कोबोत होतं.

नेहमी होणारा घोटाळा वेगळाच आहे. समजा विभाग २ "पूर्ण केलेल्यांसाठी" आणि विभाग ३ "सोडलेल्यांसाठी". पहिल्या प्रश्नावर उडी लावली की काम झालं असं वाटतं. पण विभाग २ संपल्यावर फॉर्म आपोआप विभाग ३ मध्ये शिरतो, कारण मूळ सेटिंग "पुढच्या विभागाकडे" असं असतं. पूर्ण केलेल्या माणसाला मग लगेच विचारलं जातं, "अभ्यासक्रम का सोडलात?" प्रत्येक विभागाच्या तळाशी पुढे कुठे जायचं ते वेगळं सांगावं लागतं. फॉर्म बनवणारा बहुधा एकच वाट तपासतो, म्हणून हे निसटतं.

आणि एका विभागात उडी मारणारा एकच प्रश्न ठेवा, तोही शेवटचा.

---

कोरा_रकाना

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर स्वतंत्र लिहितो.

"हो" म्हटलं की लगेच उपप्रश्न, ही रचना स्वाभाविक वाटते. विषय सलग राहतो. "चर्चासत्राला आलात का?" हो. "किती वेळा? कसं वाटलं? वेळ सोयीची होती का?" मग "सरावाचे पेपर सोडवलेत का?" हो. "किती? कठीण होते का? उत्तरसूची वापरलीत का?" तिसऱ्या खेपेपर्यंत समोरच्या माणसाला खेळ कळलेला असतो: "हो" म्हटलं की तीन प्रश्न अंगावर येतात, "नाही" म्हटलं की सुटका. मग प्रामाणिक माणूससुद्धा, ज्याने एकदाच अर्धा पेपर सोडवलाय, तो "नाही" निवडतो. त्याला खोटं बोलतोय असं वाटतही नाही.

हा नुसता तर्क नाही. फ्रॉउके क्रॉयटर, रॉजर टूरँजो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याच गोष्टीचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना गाळणीचे, म्हणजे उपप्रश्न विचारायचे की नाही ते ठरवणारे, सगळे प्रश्न आधी एकत्र विचारले आणि उपप्रश्न नंतर. बाकीच्यांना प्रत्येक गाळणीनंतर लगेच तिचे उपप्रश्न. दुसऱ्या प्रकारात "हो" कमी आले.

म्हणून: हो-नाहीचे प्रश्न आधी एकगठ्ठा, उपप्रश्न नंतर. याची किंमतही आहे. विषय तुटतो, आणि उपप्रश्नाला पुन्हा आठवण करून द्यावी लागते: "तुम्ही चर्चासत्राला आल्याचं सांगितलंत. त्याबद्दल थोडं..." फार गाळण्या नसतील, दोनच असतील, तर मी यात पडणार नाही.

"आणखी एक सांगायचं आहे का?" असं दर फेरीनंतर विचारणाऱ्या प्रश्नांचंही असंच होतं. आधी "एकूण किती?" विचारून तेवढ्या फेऱ्या केल्या तर लोक जास्त गोष्टी सांगतात. दर फेरीला दार उघडं ठेवलं की ते लवकर बाहेर पडतात.

---

निळी_शाई

हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या मसुद्यात अशा सहा गाळण्या आहेत आणि सगळ्यांच्या खाली लगेच उपप्रश्न आहेत. एकगठ्ठा करायचं तर मग त्या सहा गोष्टी एकाच प्रश्नात चेकबॉक्स करून विचारू का? "लागू असतील ते सगळे निवडा."

---

रेघोट्या

शक्यतो नको. न निवडलेली चौकट म्हणजे "नाही", की "इतकं खाली वाचलंच नाही"? कळायला मार्ग नाही. प्रत्येक ओळीला हो / नाही असं द्या. जॉलीन स्माइथ, डॉन डिलमन वगैरेंच्या २००६ च्या प्रयोगांत एकेका बाबीला उत्तर द्यायला लावलं तेव्हा लोकांनी जास्त बाबी निवडल्या, आणि त्यांनी वेळही जास्त घेतला. याचा अर्थ चौकटींवरून नजर भराभरा फिरते. गाळणी म्हणून वापरायची असेल तर हा फरक फार मोठा, कारण न निवडलेल्या चौकटीमागचा अख्खा विभाग त्या माणसाला दिसणारच नाही.

चेकबॉक्स ठेवलेच तर "यांपैकी काहीच नाही" हा पर्याय द्या आणि तो निवडल्यावर बाकीचे निवडता येणार नाहीत अशी सोय बघा. नाहीतर "चर्चासत्र" आणि "काहीच नाही" दोन्ही निवडणारे महाभाग निघतात, आणि लॉजिक बिचारं दोन्हीकडे पळतं.

---

तिरपा_डोळा

माझं उरलेलं अर्धं मत मांडतो, कारण इथे सगळे लॉजिकच्या प्रेमात पडलेले दिसतात.

कागदी प्रश्नावलीत "नाही असल्यास प्रश्न १२ वर जा" असं लिहिलेलं असायचं. लोक चुकायचे. काही जण जिथे उत्तर द्यायला हवं ते सोडायचे, काही जण जिथे द्यायचं नाही तिथे द्यायचे. पण दर माणूस आपापली वेगळी चूक करायचा, आणि कागदावर ती दिसायची. ऑनलाइनमध्ये माणूस चुकत नाही, मान्य. पण अट लिहिणारा चुकला तर सगळेच्या सगळे एकाच दिशेने चुकतात, आणि कोणालाच कळत नाही. ज्याला प्रश्न दिसलाच नाही तो तक्रार काय करणार?

---

कोरा_रकाना

हे मान्यच करायला हवं. आणि या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. लागू नसलेला प्रश्न दिसला तर माणूस वैतागतो, पण त्याचं उत्तर आपल्याला नंतर गाळता येतं. लागू असलेला प्रश्न दिसलाच नाही तर ती माहिती गेली, परत मिळत नाही. म्हणून अटीबद्दल शंका असेल तिथे मी प्रश्न दाखवतो आणि "लागू नाही" हा पर्याय देतो. लॉजिक फक्त खात्रीच्या ठिकाणी.

एक उदाहरण. "तुम्ही किती धडे पाहिलेत?" या प्रश्नावर "५ पेक्षा जास्त" अशी अट आहे. ज्याने बरोबर ५ पाहिले तो कुठे गेला? "पेक्षा जास्त" आणि "किंवा जास्त" यांतला हा घोळ इतका जुना आहे, तरी प्रत्येक नव्या फॉर्ममध्ये सापडतो. आकड्यावर अट असली की सीमेचा आकडा, त्याच्या एक अलीकडचा आणि एक पलीकडचा, असे तिन्ही टाकून बघायचे. आणि रकाना कोरा सोडला तर काय होतं तेही.

---

वळणवाट

तपासणीचा हिशेब सांगतो म्हणजे तिरपा_डोळा यांची भीती किती खरी ते कळेल. एकमेकांशी संबंध नसलेल्या हो-नाहीच्या गाळण्या दहा असतील तर वाटा होतात १०२४. सगळ्या हाताने चालून बघणं अशक्य. निळी_शाई यांच्या सहा गाळण्यांच्याच ६४ झाल्या, त्यांत तीन गट मिसळले की आणखी वाढल्या.

म्हणून वाटा तपासायच्या नाहीत, अटी तपासायच्या. प्रत्येक अट एकदा खरी आणि एकदा खोटी करून बघायची. मग ज्या दोन अटी एकमेकींवर अवलंबून आहेत त्यांच्या जोड्या. काही साधनं स्वतःच बनावट उत्तरं भरून देतात, क्वाल्ट्रिक्समध्ये ती सोय आहे. नसेल तर मित्रांना कामाला लावा, पण "जरा बघ कसा वाटतो" असं सांगू नका. "तू मध्येच सोडलेला माणूस आहेस, चर्चासत्राला एकदा आलास, पेपर सोडवले नाहीस" अशी भूमिका द्या.

आणि मागे जाऊन उत्तर बदलून बघा. हे कोणी करत नाही. माणूस "हो" म्हणतो, उपप्रश्न भरतो, मग मागे जाऊन "नाही" करतो. आधी भरलेल्या उपप्रश्नांचं काय होतं? लाइमसर्व्हे लागू नसलेली उत्तरं साठवताना मूळ सेटिंगनुसार काढून टाकतं. कोबो-ओडीकेतही लागू नसलेलं उत्तर पाठवलेल्या नोंदीत जात नाही. तुमचं साधन काय करतं ते खोटं उत्तर पाठवून, खाली उतरवलेल्या तक्त्यात बघा. पडद्यावर बघून कळणार नाही.

---

रेघोट्या

तक्त्याचा विषय निघालाच आहे तर कोऱ्या रकान्याबद्दल बोला की, कोरा_रकाना! तुमचं नाव उगाच नसेल.

---

कोरा_रकाना

हा हा. नाही, उगाच नाही.

तक्त्यात एखादा रकाना कोरा आहे. त्याची कारणं निदान तीन असू शकतात: प्रश्न त्याला दाखवलाच नाही; दाखवला पण त्याने उत्तर दिलं नाही; त्या पानापर्यंत पोचायच्या आधीच तो निघून गेला. गूगल फॉर्म्सच्या शीटमध्ये पहिले दोन अगदी सारखेच दिसतात. दोन्हीकडे रिकामी चौकट.

याचा परिणाम टक्केवारीवर होतो. समजा ६०० जणांनी फॉर्म भरला. त्यांतल्या २०० जणांना चर्चासत्राचा उपप्रश्न दिसला, आणि ९० जण म्हणाले वेळ गैरसोयीची होती. हे ४५ टक्के की १५ टक्के? दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या वाक्यांचे. "चर्चासत्राला आलेल्यांपैकी ४५ टक्के" हे खरं. "विद्यार्थ्यांपैकी ४५ टक्के" हे खोटं, आणि अहवालात नेमकं तेच छापलं जातं, कारण साधनाचा आपोआप काढलेला आलेख फक्त उत्तर दिलेले मोजतो.

त्यातही एक गोम आहे. चर्चासत्राला न येणाऱ्यांतले कित्येक जण वेळ गैरसोयीची होती म्हणूनच आले नसतील. त्यांना हा प्रश्न विचारलाच नाही! म्हणजे लॉजिक अगदी बिनचूक चाललं आणि तरी ज्यांना विचारायला हवं होतं तेच बाहेर राहिले. अशा ठिकाणी बेस चुकलाय, अट नाही. न येणाऱ्यांसाठीही एक प्रश्न हवा: "का आला नाहीत?"

उपाय: वरच्या तक्त्यात प्रत्येक प्रश्नाचा बेस लिहिलाच आहे, तोच विश्लेषणाला वापरा. "लागू नाही" आणि "उत्तर दिलं नाही" यांना दोन वेगळे संकेतांक द्या.

---

वाचनमात्र

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहितेच. आधीचं उत्तर पुढच्या प्रश्नात घालायची सोय असते ना, पाइपिंग, ती मराठीत वापरताना सांभाळून. इंग्रजीवरून बनवलेला साचा "तुम्ही [उत्तर] बद्दल किती समाधानी आहात?" असा असतो. तिथे "सरावाचे पेपर" आलं की "सरावाचे पेपर बद्दल" असं विचित्र वाक्य होतं. आपल्याकडे प्रत्यय लागताना शब्द बदलतो, "सरावाच्या पेपरांबद्दल" व्हायला हवं. "तुमचा आवडता [उत्तर]" म्हटलं तर लिंगाचा घोळ, कारण तिथे "चाचणी" येऊ शकते.

मी वाक्य असं फिरवते: "तुम्ही निवडलेला पर्याय: [उत्तर]. याबद्दल किती समाधानी आहात?" उत्तर आहे तसंच राहतं, "बद्दल" हे "या" शब्दाला लागतं. थोडं सरकारी वाटतं, पण चुकत नाही. आणि माणसाने स्वतः टंकलेलं उत्तर कधीही पुढच्या वाक्यात घालू नका. लोक तिथे "माहीत नाही हो" असंही लिहितात.

---

रेघोट्या

वाचनमात्र, लिहीत जा की! हे सोन्यासारखं आहे.

---

निळी_शाई

एक शंका राहिली. वरती प्रगतीची पट्टी दाखवायची का? फाटे असले की ती उड्या मारते असं ऐकलं.

---

वळणवाट

मारते. साधन बहुधा एकूण पानांवरून हिशेब करतं, म्हणून "नाही" म्हणणारा २० टक्क्यांवरून एकदम ७० वर जातो. त्याची तक्रार नसते. पण ज्याला सगळे विभाग लागू आहेत त्याची पट्टी सरकतच नाही.

२०१३ मध्ये आना व्हिलार, मारियो कॅलेगारो आणि योंगवेई यांग यांनी अशा ३२ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला होता. एका लयीत सरकणाऱ्या पट्टीने सोडून जाणारे कमी होतात असं काही दिसलं नाही. सुरुवातीला भरभर आणि मग हळू सरकणारी पट्टी फायद्याची ठरली, आधी हळू आणि मग भरभर सरकणारी तोट्याची. मुद्दाम पट्टी फसवी करणं मला पटत नाही. मी पट्टी बंद ठेवतो आणि सुरुवातीलाच "तुमच्या उत्तरांनुसार ५ ते १० मिनिटं" असं प्रामाणिकपणे लिहितो. ते आकडे मात्र सर्वांत छोटी आणि सर्वांत लांब वाट स्वतः घड्याळ लावून भरून काढायचे.

---

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. तक्ता केला. चाळीसचे एकोणतीस झाले (कोरा_रकाना, तुमचा अंदाज जवळजवळ बरोबर). सुरुवात अशी आहे:

प्र. १. तुम्ही एखादा तरी धडा पाहिलात का? — सगळे
प्र. २. तुमच्या मते तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला का? — प्र. १ "हो"
प्र. ३. सुरुवात न करण्याचं मुख्य कारण — प्र. १ "नाही"
प्र. ४ ते ९. सहा सोयी, प्रत्येकी वापरली / वापरली नाही — प्र. १ "हो"
प्र. १० ते १५. न वापरण्याचं कारण — प्र. ४ ते ९ मध्ये त्या त्या सोयीला "वापरली नाही"
प्र. १६ पासून वापरलेल्या सोयींचे उपप्रश्न.

पूर्ण केलं की नाही हे नोंदींत आहे, तरी प्र. २ मुद्दाम ठेवला. दोन्हींतला फरकच बघायचाय.

---

तिरपा_डोळा

बरं दिसतंय. दोन भोकं.

एक, प्र. १० ते १५. ज्याने एकही सोय वापरली नाही त्याला सलग सहा वेळा "का नाही?" विचारलं जाणार. वरती "हो" ला शिक्षा होत होती, आता "नाही" ला. ज्याने तीन किंवा जास्त सोयी वापरल्या नाहीत त्याच्यासाठी सहाही प्रश्न मिटवून "न वापरण्याची मुख्य कारणं" असा एकच ठेवा.

दोन, ज्याने नाव नोंदवलं पण ज्याला धड्यांचा दुवाच मिळाला नाही, तो प्र. १ ला "नाही" म्हणून प्र. ३ वर येणार. तिथे कारणांच्या यादीत त्याचं कारण आहे का? "वेळ मिळाला नाही", "रस राहिला नाही" एवढंच असेल तर चूक तुमची आणि खापर त्याच्या माथी.

---

निळी_शाई

यादीत नव्हतं. "दुवा मिळाला नाही / उघडला नाही" हा पर्याय आता पहिला टाकला, आणि तो निवडणाऱ्याला पुढे फक्त संपर्काचा ऐच्छिक रकाना दाखवून फॉर्म संपवतेय.

---

कोरा_रकाना

संपवू नका लगेच. वय, उपकरण वगैरे समान प्रश्न त्यांनाही विचारा. दुवा न उघडणारे सगळे एकाच प्रकारच्या फोनवरचे निघाले तर तुम्हाला कळायला नको?